तापमानाचा काटा लालमध्ये गेला म्हणून रेडिएटर उतरवू नका: जुन्या ट्रकवर या चुका टाळा

चैत्र-वैशाखात हत्यारांची पेटी उचलून खंबाटकी घाटात जाणं हा माझा दरवर्षीचा नेम आहे. साताऱ्याकडे निघालेली गाडी जुन्या रस्त्यानं घाट चढूनच जाते, जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांना. भरलेला जुना ट्रक अर्ध्या घाटात धाप टाकतो. केबिनखालून वाफ, क्लीनर कॅन घेऊन उभा, आणि ड्रायव्हरचं ठरलेलं वाक्य: "वस्ताद, मागच्याच महिन्यात रेडिएटर नवीन टाकलाय."

टाकलात ना? मग गाडी बरी का नाही झाली?

गरमीचं मूळ कधी पाण्यात असतं, कधी टायमिंगमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारायच्या वेळेत. पण टायमिंग डोळ्यांना दिसत नाही आणि रेडिएटर समोरच असतो, म्हणून मार तोच खातो.

थर्मोस्टॅट काढून फेकणे

ही चूक पाहिली की माझं डोकं इंजिनाच्या आधी तापतं. "आपल्याकडे थंडी कुठंय, काढून टाका" असं सांगणारे फिटर अजून आहेत. अरे बाबांनो, थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच जुन्या इंजिनांत तो उघडतो तेव्हाच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तुम्ही तो काढला की ती वाट कायमची उघडी. मग थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच वॉटर पंपाकडे वळतं आणि घाटात नेमकं तेवढंच कमी पडतं. सपाटीला उलटा त्रास. इंजिन पुरेसं गरमच होत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल लाइनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि वर्षभरात गाडी ऑइल खाऊ लागते. मालक म्हणतो पिस्टनच्या रिंगा हलक्या निघाल्या.

गॅरेजात चहाचं एक जुनं पातेलं याच कामाला ठेवलंय. थर्मोस्टॅट दोरीनं पाण्यात टांगायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ऐंशीच्या आसपास. त्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा घ्या.

मार्कवर आंधळा विश्वास

सहा सिलिंडरचा जुना टाटा, मालक फलटणकडचे. माझ्याकडे येण्याआधी रेडिएटरचा कोअर बदललेला, वॉटर पंप नवा, हेड उतरवून घासलेलं. तरी भरलेली गाडी घाटात पाणी फेकायचीच. मी ड्रायव्हरला विचारलं, "मामा, हे कधीपासून?" मामा म्हणाले, "डिझेल पंप पंपरूममधून आणून बसवला तेव्हापासून. ओढतही नाही पहिल्यासारखी."

इथेच निम्मं निदान झालं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या या पंपाचं टायमिंग मागे पडलं की डिझेल उशिरा जळतं. जी ताकद पिस्टन दाबायला हवी ती उष्णता होऊन एक्झॉस्टमधून आणि पाण्यातून बाहेर पडते. गाडी ओढत नाही म्हणून ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, आणि काटा आणखी चढतो. सकाळी थंड इंजिनाला पांढरट धूर, हाही त्याचाच पुरावा.

मी थेंब बघून टायमिंग तपासलं. पंपावरची एक नंबर सिलिंडरची डिलिव्हरी खोलून वाकडी नळी लावली, इंजिन चालायच्या दिशेनं फिरवत डिझेलची धार तुटून थेंब पडू लागतो तिथे थांबलो. डॅम्परवरचा, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या चाकावरचा मार्क इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर अगदी बरोब्बर! आधीच्या फिटरला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतल्या. त्या दिवशी पंप फिरवणाऱ्या कपलिंगला हातही न लावता गाडी परत पाठवली. चौथ्या दिवशी ती पुन्हा दारात.

रबरी डॅम्परची बाहेरची कडी रबरावरून घसरते हे मला माहीत होतं, पण तेव्हा आठवलं नाही. या वेळी मार्ककडे पाहिलंच नाही. एक नंबरचा पिस्टन वर आणून व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली, व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून दांड्याला रबरी रिंग अडकवली, तो पिस्टनवर टेकवला आणि वर डायल गेज लावलं. खरा वरचा बिंदू सापडला तेव्हा मार्क सुमारे सहा अंश मागे होता. कडेवर मोजलं तर जेमतेम बारा मिलिमीटर. तेवढ्यासाठी मालकाचा रेडिएटर, पंप आणि हेडचा खर्च झाला होता. डॅम्पर बदलला, टायमिंग नव्यानं बसवलं.

तेव्हापासून डॅम्परच्या आतल्या भागावर आणि बाहेरच्या कडीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवतो. रेघ तुटली की कडी घसरली.

आणखी एक. मार्क थोडा पुढे गेला म्हणून क्रँक मागे फिरवून जुळवू नका. गिअरमधली ढिलाई त्यात मिसळते. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा चालायच्या दिशेनं या. नव्या पोरांना एवढाही दम धरवत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डॅम्परचा मार्क क्रँकच्या दर फेऱ्याला येतो, एक नंबर कॉम्प्रेशनवर (व्हॉल्व्ह बंद, पिस्टन हवा दाबत वर) मात्र दोन फेऱ्यांतून एकदाच. १-५-३-६-२-४ अशा जळण्याच्या क्रमाच्या इंजिनात सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतील, तेव्हाच एक नंबर कॉम्प्रेशनवर समजा.

टायमिंग गिअर बसवून दोन फेरे फिरवल्यावर आयडलरचे, म्हणजे मधल्या गिअरचे मार्क जुळत नाहीत म्हणून घाबरून पुन्हा खोलू नका. दातांच्या गणितामुळे ते बऱ्याच फेऱ्यांनीच एकत्र येतात.

वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकतं म्हणजे सील गेलं. त्या भोकात एम-सील भरणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं, आणि बेअरिंग सुटलं की पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

रेडिएटरचं झाकण स्वस्तातलं लावू नका. अर्ध्या बारचं चांगलं झाकण असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळतं.

पंख्याभोवतीचा काऊल (पंख्याला रेडिएटरमधूनच हवा ओढायला लावणारं कडं) "आड येतो" म्हणून काढून ठेवणारे लोक मला कधीच कळले नाहीत.

बोअरचं पाणी भरू नका. क्षाराचा थर आत बसला की नवा रेडिएटरही जुना होतो.

गरम इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. आधी झाकणाला हात लावायचा नाही. बिडी ओढा, चहा प्या, अर्धा तास जाऊ द्या. मग झाकणावर ओलं फडकं टाकून पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, आणि इंजिन चालू ठेवून बारीक धारेनं भरा. हवेचे बुडबुडे थांबले की झाकण लावा. अर्ध्या तासानंतरही बुडबुडे येतच असतील, तर हेड गॅस्केट गेलंय. घाटात थांबून उपयोग नाही, गाडी ओढून आणा.