वाटीसारखं वळणारं पायपुसणं

बाथरूमबाहेर ठेवायला गोल पायपुसणं क्रोशाने विणायला घेतलं. पहिलं ॲक्रिलिक लोकरीचं केलं होतं. दिसायला छान, पण लोकर पाणी टिपेचना, ओले पाय ओलेच राहायचे. म्हणून आईच्या जुन्या सुती पाचवारी साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. प्रत्येक पट्टी टोकाला थोडी न फाडता सोडायची आणि तिथून उलट फिरायचं, म्हणजे गाठी न मारता सलग धागा मिळतो. सुई घेतली १० मिमीची.

आठव्या ओळीपर्यंत कडा वर उचलल्या, पायपुसणं चक्क वाटीसारखं झालं. पाण्यात भिजवून, वर पाटा ठेवून पाहिलं. वाळल्यावर पुन्हा तेच!

मग टाके मोजले. मुक्या खांबांच्या (क्रोशातला आखूड, साधा टाका) गोलात दर ओळीला ६ टाके वाढायला हवेत: ६, १२, १८, २४, ३०. माझ्या पाचव्या ओळीत २६च होते. जीवावर आलं, पण चौथ्या ओळीपर्यंत उसवलं. ओळीच्या पहिल्या टाक्यात रंगीत दोरा अडकवला आणि प्रत्येक ओळ मोजूनच पुढे गेले. शिवाय पट्टी ओढून धरत होते, ती सैल सोडली.

आता ते फरशीवर सपाट बसतं. याउलट, कडेला झालर पडली, तर टाके जास्त झालेत असं समजा. घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी घातली आहे. आईच्या साडीचा जांभळा काठ शेवटच्या ओळीत आलाय, पाय पुसताना रोज दिसतो.