सोलरच्या लाइनमध्ये हवा अडकली तर

नाशिकच्या थंडीत सकाळी सोलरचा नळ फुसफुसतो, दोन पिचकाऱ्या मारतो आणि बंद पडतो. लगेच प्लंबरला फोन लावू नका. आमच्याकडे सिडकोत गच्चीवरची टाकी रिकामी झाली की हमखास पाइपात हवा शिरते.

आधी टाकी भरा, पण उन्हं चढायच्या आत. भर दुपारी कोरड्या, तापलेल्या काचनळ्यांत गार पाणी शिरलं की त्या तडकतात, आणि तो खर्च मोठा. मग सगळ्यात खालच्या मजल्यावरचा गरम नळ पूर्ण सोडा. सलग धार लागेपर्यंत बंद करू नका.

तरीही पाणी नाही? गार आणि गरम नळाला एकच रबरी नळी घट्ट बसवून दोन्ही उघडा. गार पाण्याचा दाब हवेला मागे ढकलतो.

एअर व्हेंटच्या, म्हणजे सोलरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपाला मात्र कधीही बूच मारू नका. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंचच हवं.