जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल: घ्यायची कशी, सांभाळायची कशी आणि जंगलात घेऊन फिरायची कशी

गेली बारा वर्षं माझ्याकडे एक मार्लिन ३३६ ही लिव्हर-ॲक्शन रायफल आहे (ट्रिगरभोवतीची लिव्हर खाली-वर केली की पुढचं काडतूस चढतं), थर्टी-थर्टी काडतुसाची, अक्रोडाचा दस्ता आणि वीस इंची नळी. पेनसिल्व्हेनियातली आपली मंडळी दर वर्षी ऑक्टोबर आला की फोन करून विचारतात की अशी एक घ्यायचीये, काय बघू, कुठली बघू, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. सुरुवातीलाच एक सांगतो, ही रायफल लांबच्या माऱ्याची नाही. दाट झाडीतली, चालता चालता हातात धरायची, दीडशे यार्डांच्या आतली रायफल आहे ही. हे मान्य असेल तर ती जन्मभर पुरेल, आणि तुम्हाला शेताच्या या टोकावरून त्या टोकाला नेम धरायचा असेल तर सरळ दुर्बिणीची म्हणजे स्कोपवाली बोल्ट-ॲक्शन (हाताने कडी मागेपुढे ओढायची रायफल) घ्या, उगाच हिच्याकडून ती अपेक्षा करू नका.

आधी कागदपत्रांचं बघा, कारण आपल्यापैकी बरेच जण इथेच गोंधळतात. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, झालं. पण एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच बंदी आहे, आणि त्यातली नेहमी लागू पडणारी सूट म्हणजे तुमच्याकडे चालू हंटिंग लायसन्स असणं. लायसन्स संपलं की सूट संपली हे लक्षात ठेवा, आणि आपल्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका, बंदुकीपायी स्टेटस धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही. पहिल्यांदा लायसन्स काढताना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो ऑनलाइन उरकता येत असला तरी प्रत्यक्ष वर्ग मिळाला तर तोच करा.

आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे आपल्या पिढीला घरात बंदूक बघायची सवय नाही. माझ्या आजोबांकडे कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भातात रानडुकरं शिरायची म्हणून, आणि ती रिकामी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असूनही ते कुणालाही तिच्यासमोरून जाऊ द्यायचे नाहीत. सगळ्या कोर्सचं सार तेच आहे, बंदूक कायम भरलेलीच समजायची.

आता कुठली घ्यायची. खरं तर दोनच नावं पुढे येतात. एक विंचेस्टर ९४, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १८९४ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात थर्टी-थर्टीचं काडतूस आलं. अशा ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या, कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात, तो २००६ ला बंद झाला. दुसरी मार्लिन ३३६, ही १९४८ ची. विंचेस्टर हातात घेतली की जास्त सडपातळ लागते, मधोमध मूठ धरून चालायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण जुन्या विंचेस्टरमध्ये झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी वरून उडते म्हणून नळीच्या बरोबर वर स्कोप बसवता येत नाही, आणि साफ करायला ती सगळी खोलणं नवख्याचं काम नाही. मार्लिनचं डोकं वरून बंद, पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते, आणि एक स्क्रू काढला की बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हातात येतो. मी मार्लिन घेतली ती या एका स्क्रूसाठी, आणि पहिली रायफल घेणाऱ्या कुणालाही मी मार्लिनच सांगेन.

विंचेस्टरवाले तुम्हाला प्री-६४ म्हणून सांगतील. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवायला आतले काही भाग बदलले, घडवलेल्या भागांच्या जागी पत्र्याचे ठोकलेले आले, म्हणून त्याआधीच्या रायफलींना भाव जास्त. हरीण मारायला दोन्ही चालतात, संग्रहाला ठेवायची असेल तरच जास्तीचे पैसे मोजा. मार्लिनमध्ये लोक नळीवरचा जेएम शिक्का शोधतात, तो जुन्या कारखान्यातला माल. कंपनी २००७ मध्ये रेमिंग्टनकडे गेली, त्यानंतरच्या काही वर्षांतल्या नीट तपासून घ्या, आणि २०२० ला रुगरने मार्लिन घेतल्यावर ज्या यायला लागल्या त्या चांगल्याच आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या मार्लिनचं साल काढायची युक्ती सोपी आहे, सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा करा. माझ्या नंबरची सुरुवात २२ ने, म्हणजे १९७८.

दुकानात हातात आली की आधी लिव्हर खाली करून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बघा आणि बोटाने चाचपा, दुकानदाराने कितीही सांगितलं रिकामी आहे तरी. मग नळीत उजेड टाकून आतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्वच्छ दिसतायत का, गंजाचे खड्डे आहेत का ते बघा. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नको, नेमाची अर्धी वाट तिथेच लागते. स्क्रूंची डोकी बघा, ती चावलेली असली म्हणजे आधीच्या मालकाने घरातला पेचकस घेऊन उद्योग केलेले असणार आणि आतही काहीतरी निघेल. दस्ता लोखंडाला जिथे भिडतो तिथे मागच्या बाजूला केसासारखी चीर असते ती नख फिरवून शोधा. दुकानदाराची परवानगी घेऊन हॅमर (मागचा घोडा) हाफ-कॉकवर, म्हणजे अर्ध्या ताणाच्या खाचेवर, ठेवा आणि ट्रिगर दाबून बघा, हॅमर हललाच नाही पाहिजे, हलला तर खाली ठेवा आणि बाहेर पडा. आणि हो, जुन्या मार्लिनचा ट्रिगर पुढेमागे सैल डुलतो, तो बिघाड नाही, त्या तशाच असतात. वरची पॉलिश गेलेली, दस्त्यावर ओरखडे असलेली पण आतून निरोगी रायफल मिळाली तर तीच उचला, नवी कोरी पावसात न्यायचा जीव होत नाही.

काडतुसांचं एक अगदी नीट समजून घ्या. यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक आडवी बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, ठोका बसला की पेटणाऱ्या प्रायमरलाच टेकलेलं असतं. टोकदार गोळी असेल तर दणक्याने पुढचं काडतूस नळकांड्यातच फुटू शकतं. म्हणून चपट्या टोकाच्याच गोळ्या, १५० किंवा १७० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), नाहीतर हॉर्नडीच्या लिव्हरएव्होल्यूशनसारख्या मऊ रबरी टोकाच्या, त्या याच कामासाठी बनवल्यात. नळीवर जे कोरलंय तेच काडतूस, मित्राने दिलेलं काहीतरी मिळतंजुळतं नाही.

भरताना बाजूच्या फटीतून एक काडतूस ढकलायचं पण पूर्ण आत घालवायचं नाही, त्याचं बूड थोडं बाहेर ठेवून दुसऱ्याच्या टोकाने पहिल्याला ढकलायचं, म्हणजे झाकण अंगठा चावत नाही. फक्त शेवटचं अंगठ्याने.

आता या रायफलीतली सगळ्यात नाजूक गोष्ट, हॅमर खाली आणणं. हरीण दिसलं, तुम्ही हॅमर मागे ओढला, हरीण झाडाआड गेलं, आता चेंबरमध्ये काडतूस आहे आणि हॅमर पूर्ण ताणलेला आहे. नळी जमिनीकडे पण पायापासून लांब. हातमोजा काढा. आडवी सेफ्टी असलेली नवी मार्लिन असेल तर ती आधी लावा. अंगठा हॅमरवर घट्ट, नुसता टेकवलेला नाही, त्याच्या दातऱ्यांवर पूर्ण बसलेला. मग ट्रिगर दाबायचा, हॅमर केसभर पुढे सुटला की ट्रिगरवरून बोट लगेच काढायचं, आणि अंगठ्यानेच हॅमर हळूहळू पुढे येऊ द्यायचा, तो हाफ-कॉकच्या खाचेत बसतो तेव्हा बारीक टक् आवाज येतो. बोट काढणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बोट ट्रिगरवर राहिलं तर ती खाच हॅमरला धरतच नाही. माझा अंगठा एकदा थंडीने बधिर झाला होता, घसरला, पण बोट ट्रिगरवरून निघालेलं होतं म्हणून हॅमर खाचेत अडकला. तेव्हापासून दर वर्षी सीझनच्या आधी रिकाम्या रायफलीवर हे पन्नास वेळा करतो, जाड कपडे घालून करतो. तुम्हीही करा.

नेम बसवायला टेबलावर वाळूच्या पिशव्या घेऊन बसा, आधी २५ यार्ड, मग १०० यार्ड. तीन-तीन गोळ्या झाडा आणि मध्ये नळी गार होऊ द्या. उघड्या साइटवर १०० यार्डांना तीन-चार इंचांत तीन गोळ्या बसल्या की रायफल ठीक आहे, यापेक्षा जास्त तिच्याकडून मागायला नको. चाळिशी उलटल्यावर मागची खाच पुसट दिसायला लागते, तेव्हा मागे पीप साइट लावा, बारीक भोकातून बघायचं असतं, डोळा आपोआप भोकाच्या मध्यावर जातो आणि लक्ष फक्त माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटवर, राहतं. माझ्या दृष्टीने या रायफलीवर पीप साइट स्कोपपेक्षा जास्त शोभते आणि चालताना मुठीत धरायलाही आड येत नाही.

मग टेबल सोडा. नऊ इंची कागदी प्लेट लावा आणि उभं राहून, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून झाडा. ज्या अंतरावरून पाचच्या पाच गोळ्या प्लेटमध्ये जातात तेच तुमचं अंतर, काडतुसाच्या डब्यावर काहीही छापलेलं असो. माझं उभ्याने ७० यार्ड आहे, टेकून १२०. १०० यार्डांना बसवलेली १७० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली जाते, म्हणजे छातीवर धरलेला नेम पायात लागतो आणि जनावर जखमी होऊन तडफडत फिरतं. त्यापेक्षा गोळी न झाडता घरी आलेलं शंभर पटीने बरं.

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे दुसरी गोळी पटकन हवी असणाऱ्यांच्या हातात इथे पिढ्यान्‌पिढ्या लिव्हर नाहीतर पंप दिसते. रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, २०१९ च्या आधी तो सोमवारी असायचा आणि बऱ्याच गावांतल्या शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भगभगीत नारिंगी रंग चारही बाजूंनी दिसला पाहिजे, राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीशिवाय शिकार नाही, आणि गाडीत भरलेली रायफल नाही. गाडीपाशी आलात की लिव्हर चालवून एकेक काडतूस बाहेर काढा, बोट ट्रिगरपासून लांब, मोजा, जेवढी भरली तेवढी निघाली का. नळकांड्यात एखादं अडकून राहतं, म्हणून शेवटी आत डोकावून काडतुसं ढकलणारा फॉलोअर स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

चालायची पद्धत सांगतो. तीन पावलं टाका, थांबा, दोन मिनिटं नुसतं बघा. वारा तोंडावर. पूर्ण हरीण शोधू नका, झाडांच्या उभ्या रेषांमध्ये एखादी आडवी रेष शोधा, ती पाठ असते. माउंटन लॉरेलच्या झुडपांत ३०-४० यार्डांवर कान हलतो आणि तोवर तिथे काहीच नव्हतं असं वाटत असतं. अशा वेळी ही आखूड, हलकी रायफल खांद्याला आपोआप येते, त्यासाठीच ती बनवलीये.

घरी आल्यावर गार रायफल एकदम उबेत आणू नका, चष्म्यावर धुकं धरतं तसं आतल्या लोखंडावर पाणी धरतं. पिशवीत तशीच बंद करून तासभर गॅरेजमध्ये ठेवा, मग उघडा. साफ करायची तर आधी पुन्हा रिकामी आहे का बघा. लिव्हर अर्धी खाली, लिव्हरचा स्क्रू काढा, त्यासाठी खाचेत घट्ट बसणारा गनस्मिथचा पेचकसच वापरा. लिव्हर खाली ओढून काढली की बोल्ट मागून सरकत बाहेर येतो, आणि डावीकडे आत एक पातळ पट्टी सुटी होते, तो पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर. पहिल्या वेळी माझा टेबलावरून खाली पडला आणि तासभर गालिचा चाचपला, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरा. मग मागून पुढे रॉड घाला, सॉल्व्हंटचा कपडा, ब्रश, कोरडे कपडे, शेवटचा कपडा जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत, आणि वर तेलाचा अगदी पातळ हात. जोडताना इजेक्टरची घुंडी तिच्या भोकात बसवून मग बोल्ट. तेल जास्त झालं तर थंडीत घट्ट होतं आणि मागे झिरपून दस्त्याचं लाकूड कुजवतं, मी म्हणूनच रायफल तोंड खाली करून ठेवतो. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. सेफमध्ये कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि बेसमेंट दमट असेल तर सिलिका जेलचा डबा महिन्याला बदला.

हरीण मिळालंच तर जागेवरून हलवायच्या आधी टॅग लावा. मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून मटणासारखं शिजवलं तर कोरडं होतं. मागच्या मांडीचे तुकडे रात्रभर दह्यात ठेवायचे, सकाळी तेल नेहमीपेक्षा सढळ, भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा काळा मसाला, आणि कुकर शिट्टीवर न ठेवता मंद आचेवर पाऊण तास. बरोबर भाकरी.