सेल्फ नुसता टकटक करतोय? बॅटरी विकत घ्यायच्या आधी मीटर लावा

मागच्या जानेवारीत सकाळी सहाला मावशीला स्टेशनवर सोडायचं होतं, बाहेर असं धुकं की गल्लीच्या तोंडाचा खांबसुद्धा दिसेना, आणि गाडीला सेल्फ मारला तर फक्त टक-टक-टक-टक. डॅशबोर्डचे सगळे लाइट मंद झाले, चावी सोडली की परत उजळले, बस. मावशी शेवटी ऑटोने गेली आणि जाता जाता "नवी बॅटरी टाकली होतीस ना रे?" हे सुनावून गेली. टाकली होती ना, दिवाळीतच! बॅटरीवाल्याकडे नेली तर त्याने एक दिवस चार्जिंगला ठेवून परत दिली, आठवडाभर चालली आणि पुन्हा तेच, मग तो म्हणाला "बैटरी गई भैया, दूसरी डलवा लो". तिथे माझं डोकं ठणकलं. तीन महिन्यांत बॅटरी कशी जाईल?

तर त्या पंधरा दिवसांत जे शिकलो ते लिहितोय. लागणारं सामान म्हणजे एक डिजिटल मल्टीमीटर, साधा तीन-चारशेवाला पुरतो.

मीटर लावायच्या आधी नुसतं ऐका. भराभर टकटक म्हणजे सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाहीये, बॅटरी उतरलीये नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. एकच जाड "टक" आणि हेडलाइट मात्र झक्क उजळलेले, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) बघा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो पेट्रोलचा किंवा स्पार्कचा विषय, हे सगळं वाचून उपयोग नाही.

मग बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. दिसायला घट्ट असतं पण माझं मायनसचं चक्क बोटांनी फिरत होतं. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, पुसून कोरडं करून आधी प्लस आणि शेवटी मायनस कसा, वरून थोडं व्हॅसलीन. निम्म्या गाड्या बहुतेक इथेच चालू होतील. माझी झाली नाही.

आता मीटर. वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल प्लसला, काळा मायनसला. पहिलं रीडिंग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी घ्यायचं, नुकतीच चालवलेल्या गाडीचं नको कारण तेव्हा बॅटरी फुकटचा चढा आकडा दाखवते. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग बघा. १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२ च्या खाली आली की जवळजवळ रिकामी. पण रिकामी बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे, इथेच लोक फसतात आणि दुकानदारही आपल्याला फसू देतात.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना, एकाने चावी फिरवायची आणि एकाने मीटर बघायचं. बॅटरी चार्ज केलेली असेल आणि सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या वर राहिलं तर ठीक. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळली तर ती खरंच गेली, तिच्यावर पैसे घालवू नका. ही टेस्ट अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर करण्यात अर्थ नाही, आधी चार्जरवर लावा, ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट साठतो त्याचं माप) बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरवर रात्रभर. आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, पूर्ण रिकामी बॅटरी भरून काढेल या भरवशावर राहू नका, तेवढ्यासाठी तो बनवलेलाच नाही, उगाच गरम होतो.

तिसरं रीडिंग गाडी चालू करून. बहुतेक गाड्यांना १३.८ ते १४.५ च्या मधे यायला हवं. इंजिन चालू असूनही १२.५ च्या आसपासच रेंगाळतंय आणि हळूहळू उतरतंय तर अल्टरनेटर (आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून डायनामोच म्हणतात) चार्ज करत नाहीये. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर म्हणजे कटआउट बिघडलाय, तो बॅटरी उकळवून टाकेल. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमीजास्त करतो, त्यात गाडी मजेत चालू असताना १३ च्या खालीसुद्धा दिसू शकतं, तेव्हा हेडलाइट लावून परत बघा आणि मगच घाबरा.

मी इथेच गंडलो होतो. माझ्या गाडीला १३.६ आलं, म्हटलं अल्टरनेटर ठीक. पण मी सगळं बंद ठेवून मोजलं होतं! हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचं डीफॉगर असं सगळं लावून आरपीएम १५०० ला धरायचा आणि मग बघायचं. तसं केल्यावर माझं १२.७ वर आलं. धुक्याच्या दिवसात हेच सगळं तर चालू असतं.

आता एक कळकळीची विनंती. एका मिस्त्रीने माझ्यासमोर चालू गाडीचं टर्मिनल काढायला पाना लावला होता, "बंद हुई तो डायनामो खराब, नहीं हुई तो सही". करू देऊ नका. बॅटरी अल्टरनेटरचा झटका झेलत असते, ती मधून काढली की क्षणभर व्होल्टेज भलतंच उसळू शकतं आणि इसीयूपासून (इंजिनचा कॉम्प्युटर) म्युझिक सिस्टीमपर्यंत काहीही उडू शकतं. ही ट्रिक अँबेसिडरच्या जमान्यातली आहे. त्यापेक्षा जंप स्टार्टमधून तेच कळतं: लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या प्लसला, काळी तिच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चालू झाल्यावर वायरी काढल्या आणि गाडी थोड्या वेळात गचके खात बंद पडली तर अल्टरनेटर. दिवसभर चालली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मेली तर बॅटरी चार्ज धरत नाहीये किंवा रात्री कोणीतरी करंट पितंय.

अल्टरनेटर बदलायच्या आधी त्याचा बेल्ट बघा. सकाळी चालू करताना चीं-चीं करतो का, चकाकतोय का, तडे आहेत का. सैल बेल्ट असला की चांगला अल्टरनेटरही काही करू शकत नाही. डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा इग्निशन ऑन केल्यावर लागायला हवा आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर खूश होऊ नका, कित्येक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जातो. तसंच इंजिन चालू आणि सगळा लोड लावलेला असताना मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवा, ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा जोड कुजलाय. हात आणि बाह्या बेल्टपासून लांब.

माझा बेल्ट, वायर सगळं ठीक निघालं, तेव्हा मीटर एसी व्होल्टवर केला आणि चालू गाडीत बॅटरीवर लावला. अल्टरनेटर आत एसीच तयार करतो आणि डायोड त्याचं डीसी करतात, त्यामुळे बॅटरीवर एसी जवळपास शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की डायोडवर संशय घ्या. माझं ०.९.

पण बॅटरी उभ्या गाडीत का उतरत होती? डायोडचं काम करंट एकाच दिशेने जाऊ देण्याचं, तो शॉर्ट झाला की गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये गळत राहतो. हे मोजायचं असं: चावी काढून लांब ठेवा, दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. मग बॅटरीची मायनसची वायर काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीचं मायनस आणि ती काढलेली वायर यांच्या मधे जोडा आणि अर्धा-पाऊण तास चहा प्या, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. माझं ४००! म्हणजे दिवसाला साडेनऊ एएच, बॅटरी ३५ ची, मी शुक्रवारी गाडी लावून सोमवारी काढायचो, हिशोब तुम्हीच करा. मायनस पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली (मायनस न सोडवता तिला पाना लावू नका, ती कायम जिवंत असते, ठिणगी उडते), टेप गुंडाळला, परत मोजलं, थोड्या वेळाने ३० वर आलं. चोर सापडला.

तुमचा चोर अल्टरनेटर नसेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा धाडकन पडेल तो सर्किट. बाहेरून बसवलेलं काहीही आधी संशयित: डॅशकॅम, जीपीएस, अँप्लिफायर. आमच्या आत्याच्या गाडीत तर डिकीचा दिवाच विझत नव्हता, कोणाला कळेना, शेवटी तिच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला आणि डिकी लावली, व्हिडिओत शेवटपर्यंत लख्ख उजेड!

बाकी आपल्या ग्वाल्हेरची हवाही बॅटरीची दुश्मनच. मे-जूनच्या ४५ डिग्रीत बॉनेटखाली आतल्या प्लेटा कुजतात, पाणी उडतं, पण तेव्हा इंजिन सहज फिरतं म्हणून काही कळत नाही. जानेवारीत ४-५ डिग्रीला ऑइल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, मग उन्हाळ्यात मेलेली बॅटरी थंडीत पडते. त्यात आपलं चालवणं म्हणजे दाणाओळीतून बाड्यावर आणि परत, अर्धा वेळ जाममध्ये आयडलवर. सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून येत नाही, पंधरा दिवसांतून एकदा झाशी रोडला तासभर फिरवून आणा.

ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर खोलला तेव्हा एक डायोड काळा पडलेला आणि कार्बन ब्रश घासून नखाएवढे उरलेले. डायोड प्लेट आणि ब्रश बदलले, बेअरिंगही लगे हाथ टाकून घेतलं. आता सगळं लावून १४.१, एसी ०.०४, आणि ती "गेलेली" बॅटरी रात्रभर चार्ज केल्यावर सकाळी १२.६ दाखवते. मावशी परत आली तेव्हा स्टेशनवर गाडीच घेऊन गेलो, तर तिने सामान आत ठेवायच्या आधी विचारलं, "बंद तर नाही ना केलीस?"