जखमी जनावरासाठी ऑनलाइन वर्गणी गोळा करताना
दापोलीच्या रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या कुत्र्यासाठी मदत मागायची असेल, तर आधी पशुवैद्यकाकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि मगच व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाहन टाकावे. जखमेचा एकच फोटो पुरे. सोबत पडवीत गोणपाटावर अंग मुडपून निजलेल्या त्याच जिवाचा फोटो असावा, कारण त्याची ओळख झाली की लोक पुढेही विचारपूस करत राहतात, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक पावती त्याच दिवशी गटावर टाकावी. आयकराची सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते आणि देणगी रोख असेल तर ती २,००० रुपयांपर्यंत असली तरच मिळते, हे आवाहनातच स्पष्ट लिहावे. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांना तो कुत्रा अवश्य दाखवावा.