मागच्या वर्षाचं आयकर रिटर्न राहून गेलंय? स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी ते आता कसं भरावं

बँकेने कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्न मागितली, की मधलं एखादं वर्ष भरलंच नसल्याचं लक्षात येतं. नोकरदाराचं असं सहसा होत नाही, कारण त्याच्या हातात दरवर्षी फॉर्म १६ पडतो आणि ऑफिसात चार जण आठवण करतात. सोलापुरात मजुरीवर माग चालवणारे, गणवेश शिवून देणारे, नकाशे काढणारे इंजिनिअर, बाजार समितीतले अडते, क्लास घेणारे शिक्षक यांना आठवण करणारं कोणी नसतं. घरात आजारपण येतं, दिवाळीच्या ऑर्डरींची गडबड असते, आणि तारीख निघून जाते.

राहून गेलेलं वर्ष आजही भरता येतं. फक्त उशीर वाढेल तसे पैसे वाढतात, आणि ते कसे वाढतात हे नीट कळलं तर पुढच्या महिन्यावर ढकलायचा मोह होत नाही.

आधी वर्ष ओळखा, मग वाट

१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात कमावलं ते आर्थिक वर्ष २०२३-२४. त्याचं रिटर्न ज्या वर्षात भरायचं ते आकारणी वर्ष २०२४-२५. आयकर खात्याच्या पोर्टलवर आणि कर भरायच्या चलनावर सगळीकडे आकारणी वर्षच विचारतात. इथे घोटाळा झाला तर भरलेला कर भलत्याच वर्षाच्या खात्यात जमा दिसतो. म्हणून कागदावर दोन्ही वर्षं शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद शेवटपर्यंत समोर ठेवा.

मूळ मुदत हुकली, पण आकारणी वर्षातला ३१ डिसेंबर अजून गेला नसेल, तर साधं उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला विलंब शुल्क लागतं: एकूण उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये, ५ लाखांपर्यंत १,००० रुपये. कर देणं निघत असेल तर त्यावर व्याजही लागतं. सगळ्यात स्वस्त वाट हीच.

३१ डिसेंबरही गेला असेल तर राहतं अद्ययावत विवरणपत्र. सीएच्या भाषेत आयटीआर-यू, कलम १३९(८ए). ही सोय २०२२ च्या वित्त कायद्याने आली. तेव्हा आकारणी वर्ष संपल्यापासून २४ महिने मिळत होते, २०२५ मध्ये ते ४८ केले. मात्र कर आणि व्याजाच्या बेरजेवर जादा कर द्यावा लागतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० टक्के आणि ४८ पर्यंत ७० टक्के. आकारणी वर्ष २०२४-२५ धरलं तर ३१ मार्च २०२६ पर्यंत २५, ३१ मार्च २०२७ पर्यंत ५०, ३१ मार्च २०२८ पर्यंत ६० आणि ३१ मार्च २०२९ पर्यंत ७०. त्यानंतर ही वाट बंद.

एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतं. म्हणून घाईत अर्धवट आकडे टाकून मोकळं होऊ नका.

परतावा मागण्यासाठी आयटीआर-यू चालत नाही. ही वाट कर देणं निघतो अशांसाठी आहे. समजा तुमची मजुरी थोडी होती, व्यापाऱ्याने टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला आणि तो परत मिळायला हवा. अशा वेळी विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. तो पोर्टलवरूनच होतो आणि आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. उशीर का झाला याचं खरं कारण आणि कागद जोडा. दवाखान्याची फाइल असेल तर ती जपून ठेवलेली बरी. मंजुरी आल्यावर मग रिटर्न भरायचं.

त्या वर्षाची नोटीस आधीच आली असेल तर स्वतः काही भरू नका. नोटीस घेऊन थेट सीएकडे जा. चौकशी सुरू असलेल्या वर्षाला बहुतेक वेळा आयटीआर-यू चालत नाही, आणि उत्तराची मुदत वेगळीच धावत असते.

कागद गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोर्टलवर पॅनने लॉगिन करून त्या वर्षाचे दोन कागद उतरवा, फॉर्म २६ एएस आणि एआयएस. कोणी किती टीडीएस कापला, बँकेने किती व्याज दिलं, बचत खात्यात मोठी रोकड भरली का, जीएसटीत किती उलाढाल दाखवली, हे त्यात दिसतं. आयकर खात्याला तुमच्याबद्दल काय ठाऊक आहे, ते तुम्हालाही आधी ठाऊक हवं. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर ते काम सगळ्यात आधी.

मग त्या वर्षाचं सगळ्या खात्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक जमेपुढे पेन्सिलीने लिहा की हे पैसे कशाचे. धंद्याचे, या खात्यातून त्या खात्यात फिरवलेले, भावाकडून हातउसने घेतलेले, की भिशी लागली ती? भिशीची रक्कम किंवा हातउसने ही उलाढाल नव्हे, पण दोन वर्षांनी कोणी विचारलं तर आठवणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवायचं. रोखीने आलेले पैसे बिलबुकातून किंवा वहीतून घ्या. वहीच नसेल तर ज्यांचं काम केलं त्यांच्याकडून त्या वर्षाचा खातेउतारा मागा. चाटी गल्लीतला कापडवाला असो की एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार, त्याच्याकडे तुमची नोंद असतेच, कारण तो खर्च त्याला स्वतःच्या हिशोबात दाखवायचा असतो.

मजुरीवर माग चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूत व्यापाऱ्याचं असेल आणि तुम्हाला फक्त विणकामाची मजुरी मिळत असेल, तर तुमची उलाढाल म्हणजे ती मजुरी. चादरींची किंमत तुमच्या हिशोबात येत नाही.

नफा कसा धरायचा

छोट्या धंद्यासाठी कलम ४४ एडी आहे. सगळे खर्च एकेक न दाखवता उलाढालीच्या ८ टक्के नफा धरता येतो, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. उलाढालीची मर्यादा २ कोटी. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ३ कोटी. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यावसायिकांना कलम ४४ एडीए लागू होतं. त्यात मिळकतीच्या ५० टक्के नफा धरतात आणि मर्यादा ५० लाख, रोख थोडी असेल तर ७५ लाख. या दोन्हींसाठी आयटीआर-४, म्हणजे सुगम.

हे टक्के किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, असं कायदाच म्हणतो. शिवणकामाची १६ लाख मजुरी मिळाली आणि बायकांचे पगार, वीजबिल, दोरा-बटणं जाऊन हातात ७ लाख राहिले, तर ६ टक्क्यांनी ९६ हजार दाखवणं खोटं आहे. ते पकडलं जाण्याचीही शक्यता आहे, कारण घरखर्च आणि हप्ते बँकेतूनच जातात. उलट कर्ज मिळावं म्हणून नसलेलं उत्पन्न फुगवून दाखवण्याचा सल्लाही काही जण देतात. कृपा करून तो ऐकू नका. त्या कागदावर सही तुमची असते.

दोन प्रकारच्या लोकांना सुगम चालत नाही आणि सोलापूर जिल्ह्यात दोन्ही भरपूर आहेत. पहिले अडते, विमा एजंट, दलाल: कमिशनच्या उत्पन्नाला ४४ एडी लागू नाही. दुसरे, ज्यांना धंद्याबरोबर ऊस, द्राक्ष किंवा डाळिंबाचं शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आहे. शेती उत्पन्नावर कर नसला तरी ते दाखवावं लागतं आणि इतर उत्पन्नाचा दर काढताना धरलं जातं. या दोघांनी आयटीआर-३ भरावं. तो फॉर्म किचकट आहे, त्यासाठी सीएची फी देणं मला तरी योग्य वाटतं.

जुनी करप्रणाली की नवी?

उशिरा भरणाऱ्याला इथे फारशी निवड उरत नाही. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी प्रणाली आपोआप लागू आहे. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनी हवी असेल तर मूळ मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तो भरला नसेल तर एलआयसी, पीपीएफची वजावट विसरा. त्याआधीच्या वर्षांना उलट, म्हणजे जुनी प्रणाली लागू, आणि त्या वजावटी मिळतात. म्हणून दोन वर्षं राहिली असतील तर एकाचं गणित दुसऱ्याला लावू नका.

एक हिशोब करून पाहू

विजापूर रोडला राहणारा एक सिव्हिल इंजिनिअर समजा. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये त्याला नकाशे आणि देखरेखीचे १८ लाख मिळाले. ४४ एडीएने ९ लाख उत्पन्न. त्या वर्षीच्या नव्या दरांनी ३ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या ३ लाखांवर ५ टक्के म्हणजे १५,०००, त्यापुढच्या ३ लाखांवर १० टक्के म्हणजे ३०,०००. एकूण ४५,००० आणि ४ टक्के उपकर १,८००, मिळून ४६,८००. एका बिल्डरने २ लाखांवर १० टक्क्यांनी २०,००० टीडीएस कापलेला आहे. देणं राहिलं २६,८०० रुपये.

आता व्याज. मुदत ३१ जुलै २०२४ ला संपली, तेव्हापासून दरमहा १ टक्का (कलम २३४ए). आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा कर, भरला नाही म्हणून एप्रिल २०२४ पासून आणखी दरमहा १ टक्का (२३४बी). आगाऊ कराचा १५ मार्चचा हप्ता चुकला म्हणून एकदाच १ टक्का (२३४सी). महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात.

मार्च २०२६ मध्ये भरलं तर २३४ए चे २० महिने ५,३६०, २३४बी चे २४ महिने ६,४३२ आणि २३४सी चे २६८, मिळून व्याज १२,०६०. कर धरून ३८,८६०. त्यावर २५ टक्के जादा कर ९,७१५. विलंब शुल्क ५,०००. एकूण ५३,५७५ रुपये.

तेच एप्रिल २०२६ मध्ये भरलं तर व्याज १२,५९६, कर धरून ३९,३९६, जादा कर ५० टक्क्यांनी १९,६९८, शुल्क ५,०००. एकूण ६४,०९४. ३१ मार्च ओलांडल्याबद्दल दहा हजारांहून जास्त पैसे गेले. म्हणून कागद गोळा करायला गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) संपली की बसावं. मार्चमध्ये सीएकडे उभं राहायला जागा नसते.

प्रत्यक्ष भरताना

क्रम असा: आधी कर, मग रिटर्न. पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून, बरोबर आकारणी वर्ष निवडून, सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून पूर्ण रक्कम भरा. चलन लगेच उतरवून ठेवा; त्यावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये टाकावे लागतात.

मग त्याच आकारणी वर्षाचा आयटीआर-४ घ्या. दर वर्षाचा फॉर्म वेगळा असतो, म्हणून युटिलिटी (फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर) उतरवताना वर्ष पुन्हा तपासा. कलम म्हणून १३९(८ए) निवडा, कारणात 'आधी रिटर्न भरलं नव्हतं' हे निवडा आणि उशीर किती महिन्यांचा आहे तो गट बरोबर टिपा. धंद्याचा कोड, रोख आणि बँकेची उलाढाल वेगवेगळी, वर्षाअखेरची येणी-देणी, शिल्लक माल आणि हातातली रोकड भरा. बँक व्याज विसरू नका, ते एआयएसमध्ये दिसतंच.

सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी करावी लागते. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होते, मात्र आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. नंबर बंद असेल तर आधार केंद्रात जाऊन तो आधीच बदलून घ्या. ३० दिवस उलटून पडताळणी केली तर तीच तारीख रिटर्नची तारीख धरतात, आणि ती ३१ मार्चच्या पलीकडे गेली तर वरचं सगळं गणित बदलतं.

काही दिवसांनी ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येईल. तुमचे आकडे आणि खात्याचे आकडे शेजारी दिलेले असतात. फरक दिसला तर आधी टीडीएस आणि चलन पाहा, चूक बहुधा तिथेच असते. एकापेक्षा जास्त वर्षं राहिली असतील तर प्रत्येकाचं रिटर्न वेगळं भरायचं; सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरुवात करा, कारण त्याची मुदत आधी संपते. आणि चालू वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर ४४ एडी आणि ४४ एडीए वाल्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकरकमी आगाऊ भरावा. तेवढं केलं तर २३४बी आणि २३४सी चं व्याज लागत नाही.