पहिली वाकळ बिघडली? उसवायला बसण्याआधी या चुका टाळा

माझी पहिली वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, चौकोनी व्हायची होती, झाली पतंगासारखी. एक कोपरा वीतभर लांब, मधोमध फुगा, आणि टाके इतके मोठे की पांघरून झोपलं की पायाचं बोट अडकायचं. रागारागाने कात्री घेतली. परभणीतले डिसेंबरचे दिवस, आजी शेजारीच शेकत बसलेली. म्हणाली, "आगं, उसवू नको. आधी पांघरून बघ, उबारा येतो का." मी ऐकलं नाही. हातभर उसवलं, तर दोऱ्याबरोबर लुगड्याचे धागेही निघून आले.

सगळी वाकळ उसवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नव्या कापडावरची सुईची भोकं एक-दोन धुण्यांत बुजतात. आपण मात्र वाकळीत विरलेली लुगडी घालतो. ती एकदाच टाका सोसतात.

म्हणून आधी दोष दिसण्याचा आहे की टिकण्याचा, ते बघा. ओळ वाकडी गेली, ठिगळं जुळली नाहीत, हिरव्याशेजारी जांभळं आलं, तर तिकडे बघूच नका. सुटलेली कड आणि लांब टाके मात्र लगेच दुरुस्त करा. लांब टाका काढायचा नाही, त्याच्यावरून बारीक आडवा टाका मारून तो दाबायचा. बोटाच्या पेरात दोन-तीन टाके बसले तर पुरे.

फुग्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण कडेकडेने सुरुवात करून गोल फिरत मध्ये येतो, आणि थर आधी कच्च्या दोऱ्याने टाचलेले नसतात. मग जास्तीचं कापड सरकत सरकत मध्ये गोळा होतं. यावर आजीचा उपाय: मधले तीन-चार फेरेच उसवायचे, जास्तीच्या कापडाची सरळ चुणी घालायची आणि वरून झकास ठिगळ लावायचं. बघणाऱ्याला वाटतं, नक्षीच आहे. पुढच्या वेळी चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून थर ताणून घ्या आणि आधी टाचा.

दुसरा घोळ होतो घटस्थापनेआधी, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात तेव्हा. लाल कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरतो, आणि आपण हळहळत ती तशीच उन्हात टाकतो. इथेच चुकतं. डाग वाळला की पक्का होतो. वाकळ ओलीच ठेवून साबणाच्या भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा, पाणी नितळ येईपर्यंत. पाणी लागतं खूप, त्यामुळे टँकरच्या दिवसांत हा उद्योग करू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही, मी दोनदा फसले आहे. शिवण्याआधी कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासणं, एवढंच कामाचं.

वाकळ कापायचीच असेल तर सरळ कात्री चालवू नका. धावदोरा मध्येच तुटला की दोन्हीकडून सुटत जातो. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची दुहेरी शिलाई मारा, मग कापा आणि कडेला पट्टी लावा. चांगल्या भागाची बसकरं होतात.

आणि कौतुकाने ती पहिली वाकळ कुणाच्या बाळाला दुपटं म्हणून देऊ नका. ढिल्या टाक्यात इवलंसं बोट गुंतून दोरा आवळला जातो, गाठी टोचतात त्या वेगळ्याच.

पेटीत लपवणं तर नकोच. तिथे ती फक्त उंदरांच्या उपयोगाची. माझी पतंगी वाकळ एक हिवाळा पांघरली आणि मगच कापली. दोन बसकरं झाली, एक तुकडा ट्रॅक्टरच्या सीटवर गेला. लांब कोपरा उरलाय. त्याचं काय करायचं, ते अजून ठरत नाही.